बिग टेन परिषदेचा विस्तार

बिग टेन परिषद ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांच्या क्रीडासंघांची एक जुनी व प्रतिष्ठित परिषद होय. इ.स. १८९६ मध्ये ७ विद्यापीठांनी तिची स्थापना केली, इ.स. २०२४ पासून तिची सभासदसंख्या १८ आहे. नावातील ‘टेन’ म्हणजे दहा हा आकडा मात्र कायम राहिला आहे. आणखी एक सभासद घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न परिषदेच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीत अनेकदा उपस्थित झाला. त्यांपैकी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या (रूढ नाव पेन स्टेट) प्रवेशावरून इ.स. १९८९-९० मध्ये झालेला वाद सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. त्या वादात पुढे आलेले बहुतेक मुद्दे नंतरच्या प्रत्येक विस्ताराच्या वेळी पुन्हा उगाळले गेले.

परिषदेचे स्वरूप

मराठीत ‘परिषद’ म्हटले की साहित्य परिषद किंवा जिल्हा परिषद डोळ्यांसमोर येते. येथे हा शब्द अमेरिकेतील ‘कॉन्फरन्स’ या संस्थेसाठी योजला आहे. कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत नियमित सामने खेळणाऱ्या, समान नियम पाळणाऱ्या आणि सामन्यांपासूनचे उत्पन्न वाटून घेणाऱ्या विद्यापीठांचा ऐच्छिक संघ. देशपातळीवरील नियम राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजे एनसीएए, ठरवते. पण कोणी कोणत्या परिषदेत असावे हे ती ठरवीत नाही. तो निर्णय त्या त्या परिषदेचे सभासदच मतदानाने घेतात. सभासद होते ते विद्यापीठ. ‘संघ’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. एका विद्यापीठाच्या प्रवेशाबरोबर त्याचे फुटबॉलपासून जलतरणापर्यंतचे वीस-पंचवीस संघ परिषदेत येतात.

भारतात याला समांतर व्यवस्था नाही. आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धा, उदाहरणार्थ इ.स. १९३५ पासूनचा क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक, मध्यवर्ती संस्थेकडून विभागवार भरवल्या जातात आणि विद्यापीठ कोणत्या विभागात खेळणार हे नकाशावरून ठरते. पुण्याच्या विद्यापीठाला पश्चिम विभाग सोडून दक्षिण विभागाकडे अर्ज करता येत नाही. अमेरिकेत तसा अर्ज करता येतो, आणि या लेखाचा विषय त्यातूनच निर्माण होतो.

या लेखात ‘फुटबॉल’ म्हणजे अमेरिकन फुटबॉल समजावे. परिषदांच्या उत्पन्नाचा मोठा भाग याच एका खेळातून येतो.

नाव आणि संख्या

इ.स. १८९५ च्या जानेवारीत पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने शिकागोत विद्यापीठाध्यक्षांची बैठक झाली. फुटबॉलमध्ये शिरलेली बेशिस्त आणि विद्यार्थी नसलेल्या खेळाडूंना पैसे देऊन उतरवण्याची प्रथा यांना आवर घालणे हा तिचा हेतू होता. पुढच्या वर्षी शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू व विस्कॉन्सिन या ७ विद्यापीठांची परिषद स्थापन झाली. तिच्या मूळ लांबलचक नावात ‘प्राध्यापक प्रतिनिधी’ हे शब्द होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. खेळाचा ताबा प्रशिक्षकांकडे नव्हे तर अध्यापकांकडे असावा, ही त्यामागील भूमिका होती.

इ.स. १८९९ मध्ये इंडियाना व आयोवा आल्यावर लोक तिला ‘बिग नाइन’ म्हणू लागले. मिशिगन काही काळ बाहेर राहिले, इ.स. १९१२ मध्ये ओहायो स्टेट आले आणि इ.स. १९१७ मध्ये मिशिगन परतल्यावर दहाचा आकडा पूर्ण झाला. शिकागो विद्यापीठाने इ.स. १९३९ च्या हंगामानंतर फुटबॉलच बंद केला व इ.स. १९४६ मध्ये परिषद सोडली. रिकामी जागा इ.स. १९४९ मध्ये मिशिगन स्टेटला मिळाली. त्यानंतर चाळीस वर्षे यादीत बदल झाला नाही. ‘बिग टेन’ हे लोकांनी पाडलेले नाव. परिषदेने कायदेशीररीत्या ते घेतले इ.स. १९८७ मध्ये, आणि त्यानंतर तीनच वर्षांत ते चुकीचे ठरले.

गावगाड्यातील बारा बलुतेदारांची यादी प्रांतोप्रांती बदलत असे, तरी ‘बारा’ हा शब्द टिकून राहिला. बिग टेनचेही तसेच झाले. अकरावा सभासद आल्यावर नाव बदलण्याऐवजी नव्या बोधचिन्हात इंग्रजी अक्षरांमधील मोकळ्या जागेत ११ हा आकडा खुबीने दडवण्यात आला. पुढे तर असा काळ आला, की बिग टेनमध्ये १२ विद्यापीठे होती आणि ‘बिग ट्वेल्व्ह’ नावाच्या दुसऱ्या परिषदेत १०.

अकरावे विद्यापीठ : पेन स्टेट

पार्श्वभूमी

इ.स. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाशी संबंधित खटल्यात फुटबॉल सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील एनसीएएची मक्तेदारी मोडीत काढली. तोपर्यंत कोणता सामना दिसणार आणि त्याचे किती पैसे मिळणार हे एनसीएए ठरवीत असे. आता विद्यापीठे व परिषदा स्वतः सौदा करू शकत होत्या. एकट्याने सौदा करणाऱ्यापेक्षा गटाने सौदा करणाऱ्याची बाजू बळकट असते, हे लवकरच सर्वांच्या लक्षात आले.

पेन स्टेट तेव्हा फुटबॉलमध्ये कोणत्याही परिषदेत नव्हते. जो पॅटर्नो या प्रशिक्षकाच्या कारकिर्दीत त्या संघाने इ.स. १९८२ व १९८६ च्या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. पूर्वेकडील विद्यापीठांची सर्व खेळांसाठी एक परिषद असावी असा पॅटर्नो यांचा प्रयत्न होता, पण तो फळाला आला नाही. बास्केटबॉलला प्राधान्य देणाऱ्या ‘बिग ईस्ट’ परिषदेनेही पेन स्टेटला प्रवेश नाकारला. पूर्वेत दारे बंद झाल्यामुळे पेन स्टेटने पश्चिमेकडे पाहिले.

निर्णयाची पद्धत

बिग टेनच्या विद्यापीठाध्यक्षांनी डिसेंबर १९८९ मध्ये पेन स्टेटला तत्त्वतः निमंत्रण दिल्याचे जाहीर केले. क्रीडासंचालकांना व प्रशिक्षकांना या हालचालींची पूर्वकल्पना जवळजवळ नव्हती. ज्यांना वेळापत्रके आखायची, प्रवासाची सोय करायची आणि अंदाजपत्रक जुळवायचे, त्यांनाच निर्णय बाहेरून समजला. त्यांचा संताप स्वाभाविक होता. अध्यक्षमंडळाचे नेतृत्व करणारे इलिनॉय विद्यापीठाचे अध्यक्ष स्टॅन्ली आयकेनबेरी पूर्वी पेन स्टेटमध्ये वरिष्ठ पदावर होते, याचीही चर्चा झाली.

अध्यक्षांची बाजू मात्र दुबळी नव्हती. परिषदेची परंपराच मुळी विद्यापीठाध्यक्षांच्या आणि अध्यापकांच्या अधिकाराची होती. पेन स्टेट हे बिग टेनमधील बहुतेक विद्यापीठांप्रमाणे मोठे, सार्वजनिक, शेती व अभियांत्रिकीच्या शिक्षणाची परंपरा असलेले विद्यापीठ होते आणि आघाडीच्या संशोधन विद्यापीठांच्या संघटनेचे (एएयू) सभासदही होते. बिग टेनमधील विद्यापीठांचे इ.स. १९५८ पासून एक शैक्षणिक सहकार्यमंडळ आहे. ग्रंथालयांची देवाणघेवाण, सामायिक खरेदी, संशोधनातील भागीदारी अशी कामे ते करते. परिषद सोडून गेलेले शिकागो विद्यापीठही या मंडळात कित्येक दशके राहिले. नवा सभासद मैदानाइतकाच ग्रंथालयातही शोभला पाहिजे, हा अध्यक्षांचा निकष होता. पुढच्या विस्तारांत तो निकष उच्चारला गेला, पण पैशाच्या हिशेबापुढे दुय्यम ठरला.

आक्षेप

पहिला आक्षेप अंतराचा. पेन स्टेटचे स्टेट कॉलेज हे गाव पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ मध्यभागी आहे. परिषदेतील सर्वांत जवळचे विद्यापीठ, ओहायो स्टेट, तेथून रस्त्याने पाचशे किलोमीटरांहून दूर. आयोवा व मिनेसोटा त्याच्याही पलीकडे. इंडियानाचे बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब नाइट यांनी या आडवळणी ठिकाणाची जाहीर खिल्ली उडवली होती.

दुसरा आक्षेप वेळापत्रकाचा. वरवर किरकोळ वाटणारा हा मुद्दा प्रत्यक्षात मूलभूत आहे. १० संघ असताना प्रत्येकाला ९ प्रतिस्पर्धी असतात. परिषदेअंतर्गत ८ सामने ठेवले, तर दरवर्षी एकाच प्रतिस्पर्ध्याशी गाठ पडत नाही. ११ संघ झाले की दोघांशी पडत नाही. शिवाय विषम संख्येमुळे कोणत्याही आठवड्यात एका संघाला परिषदेत जोडीदार उरत नाही. मग ‘विजेता’ या शब्दाचा अर्थ पातळ होतो. इ.स. २००२ मध्ये हे उघडपणे दिसले. ओहायो स्टेट व आयोवा या दोघांनीही परिषदेतील आठही सामने जिंकले, पण त्या हंगामात ते एकमेकांशी खेळलेच नाहीत. दोघांनाही संयुक्त विजेते म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तिसरा आक्षेप वाटणीचा. बिग टेनमध्ये उत्पन्न समसमान वाटण्याची प्रथा आहे. एखाद्या परिषदेचे उत्पन्न १०० रुपये व सभासद १० असतील, तर प्रत्येकास १० रुपये मिळतात. अकरावा सभासद ५ रुपयांची भर घालत असेल तर एकूण १०५ होतात आणि प्रत्येकाचा वाटा साडेनऊच्या आसपास घसरतो. म्हणजे नव्याने निदान जुन्या सरासरीएवढे आणले नाही, तर जुन्यांनी त्याला पोसावे लागते. भागाकाराचे हे साधे गणित परिषदांच्या सर्व चर्चांच्या तळाशी असते. नव्या सभासदाला पहिली काही वर्षे कमी वाटा द्यायचा, ही पुढे रूढ झालेली युक्ती याच अडचणीवरचा उपाय आहे.

मतदान आणि परिणाम

४ जून १९९० रोजी अध्यक्षांनी अंतिम मतदान केले. प्रवेशासाठी १० पैकी ७ मते आवश्यक होती आणि नेमकी ७ मिळाली. मिशिगन, मिशिगन स्टेट व इंडियाना यांनी विरोध केल्याचे सांगितले जाते. एक मत फिरले असते, तर अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाविश्वाचा नकाशा आज वेगळा दिसला असता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

मैदानावर निर्णयाचे चीज लगेच झाले. पेन स्टेटचा फुटबॉल संघ इ.स. १९९३ मध्ये परिषदेत खेळू लागला आणि दुसऱ्याच हंगामात त्याने बाराही सामने जिंकून विजेतेपद व रोझ बोल दोन्ही मिळवले. किंमत अन्यत्र चुकती झाली. पेन स्टेट आणि शेजारचे पिट्सबर्ग विद्यापीठ यांच्यातील लढत इ.स. १८९३ पासूनची. इ.स. १९९२ नंतर तिचा वार्षिक क्रम तुटला. पुढे ती अधूनमधून, करारापुरती होत राहिली. पेन स्टेटला नवे घर मिळाले, पण त्या घरात जुना शेजारी नव्हता.

इतर परिषदांनीही बोध घेतला. आर्कान्सा विद्यापीठाने साउथवेस्ट परिषद सोडून आग्नेय परिषदेची (एसईसी) वाट धरली, फ्लॉरिडा स्टेट अटलांटिक किनारा परिषदेत (एसीसी) गेले आणि इ.स. १९९६ मध्ये साउथवेस्ट परिषदच विसर्जित झाली.

बारावा सभासद

नोटर डेम हे इंडियाना राज्यातील कॅथलिक विद्यापीठ भौगोलिकदृष्ट्या बिग टेनच्या मध्यभागी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला परिषदेत यायचे होते, तेव्हा परिषदेने घेतले नाही. इ.स. १९९९ मध्ये परिषद तयार होती, तेव्हा नोटर डेमच्या विश्वस्तांनी नकार दिला. स्वतंत्र राहूनही स्वतःचा प्रक्षेपण करार मिळवू शकणारे विद्यापीठ आपला वाटा इतरांबरोबर का वाटून घेईल?

अखेर इ.स. २०१० मध्ये नेब्रास्काला प्रवेश देण्यात आला व पुढील वर्षी ते सामील झाले. बारा सभासद असलेल्या परिषदेला दोन गट पाडून त्यांच्या विजेत्यांमध्ये अंतिम सामना भरवता येईल, असा एनसीएएचा तेव्हाचा नियम होता. आग्नेय परिषद इ.स. १९९२ पासून असा सामना भरवीत होती. अकरा सभासदांच्या परिषदेला तो भरवता येत नसे. बाराव्याची निकड त्यामुळे होती. सामील होण्यापूर्वीच, एप्रिल २०११ मध्ये, नेब्रास्काचे एएयूचे सभासदत्व गेले. तरीही प्रवेश मागे घेतला गेला नाही. नव्या दोन गटांना ‘लेजंड्स’ व ‘लीडर्स’ अशी दिलेली नावे इतकी हास्यास्पद ठरली, की तीन हंगामांतच ती टाकून देऊन पूर्व व पश्चिम अशी साधी नावे घ्यावी लागली.

केबल ग्राहकांचा हिशेब

इ.स. २००७ मध्ये परिषदेने फॉक्स समूहाच्या भागीदारीत स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी सुरू केली. या वाहिनीसाठी केबल कंपनी दर ग्राहकामागे दरमहा शुल्क देई. ज्या राज्यात परिषदेचे विद्यापीठ आहे तेथे दर जास्त, अन्यत्र बराच कमी. ग्राहक सामने पाहतो की नाही, याला महत्त्व नव्हते. त्याच्या घरी केबल असणे पुरेसे होते.

मेरीलँड आणि न्यू जर्सीतील रटगर्स यांना नोव्हेंबर २०१२ मध्ये मिळालेले निमंत्रण या गणिताशिवाय समजत नाही. अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना इ.स. १८६९ मध्ये प्रिन्स्टनविरुद्ध रटगर्सनेच जिंकला, हे खरे. पण परिषदेला आकर्षण होते ते या दोन विद्यापीठांच्या आसपासच्या वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क या महानगरांतील केबल असलेल्या घरांचे. मेरीलँडच्या क्रीडाविभागाने त्याच वर्षी तुटीपायी आपले ७ संघ बंद केले होते. जुन्या परिषदेने मागितलेले ५ कोटी डॉलरांहून अधिकचे शुल्क पुढे तडजोडीत सुमारे ३ कोटी १४ लाखांवर आले. लोक केबल सोडून आंतरजालावर सामने पाहू लागले आणि काही वर्षांतच या हिशेबाचा पाया ढासळू लागला. सभासदत्व मात्र कायमचे असते.

पश्चिम किनाऱ्यापर्यंत

३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसमधील यूएससी व यूसीएलए या विद्यापीठांचा प्रवेश जाहीर झाला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये परिषदेने फॉक्स, सीबीएस व एनबीसी यांच्याशी केलेल्या सात वर्षांच्या कराराची किंमत ७ अब्ज डॉलरांहून अधिक सांगितली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ऑरेगन व वॉशिंग्टन यांनाही, सुरुवातीस सुमारे निम्म्या वाट्यावर, घेण्यात आले. चौघेही इ.स. २०२४ च्या ऑगस्टपासून परिषदेत खेळू लागले. पहिल्याच हंगामातील अंतिम सामन्यात ऑरेगनने पेन स्टेटला ४५-३७ असे हरवले.

रटगर्सपासून लॉस एंजेलिस सुमारे ३,९०० किलोमीटर दूर असून घड्याळात तीन तासांचे अंतर आहे. स्टेट कॉलेजच्या पाचशे किलोमीटरांवरून झालेला कलह आता बालिश वाटतो. फुटबॉल संघ हंगामात चार-पाच वेळाच परिषदेतील दूरचे सामने खेळतो, तेही खास विमानाने व बहुधा शनिवारी. व्हॉलीबॉलच्या मुलींना परिषदेतील सुमारे वीस सामने खेळावे लागतात. परीक्षा, प्रयोगशाळा आणि तासांची गैरहजेरी यांचा भार प्रामुख्याने अशा खेळाडूंवर पडतो. ज्या उत्पन्नासाठी हा विस्तार झाला, ते त्यांच्या खेळातून येत नाही. विस्ताराच्या कोणत्याही ठरावावर खेळाडूंना मत नव्हते.

यूसीएलए हे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एक अंग. बर्कली हे दुसरे. एक गेल्यामुळे दुसऱ्याचे उत्पन्न घटणार होते. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने १४ डिसेंबर २०२२ रोजी ११ विरुद्ध ५ मतांनी यूसीएलएला जाऊ दिले, पण बर्कलीला दरवर्षी २० लाख ते १ कोटी डॉलर देण्याची अट घालून. विस्ताराची झळ मागे राहिलेल्याला बसते आणि ती भरून द्यावी लागते, हे तत्त्व एखाद्या सार्वजनिक संस्थेने आकड्यांत मान्य केल्याचे असे उदाहरण विरळाच.

बाकीच्यांना अशी भरपाई मिळाली नाही. मूळ इ.स. १९१५ पर्यंत जाणाऱ्या पॅसिफिक किनाऱ्यावरील परिषदेत (पॅक-१२) अखेरीस ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे उरली. बर्कली आणि स्टॅनफर्ड हे नाइलाजाने अटलांटिक किनारा परिषदेत गेले. नावात अटलांटिक आणि गाव पॅसिफिकच्या काठी. तेथील मतदानही काठावरचे होते. १५ पैकी १२ मते हवी होती, ती कशीबशी जमली. त्यांच्याबरोबर आलेल्या टेक्ससमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तर ९ वर्षे प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील वाटा न घेण्याचे कबूल केले.

पारंपरिक लढती

अठरा संघांच्या परिषदेत फुटबॉलचे ९ सामने ठेवले, तरी दरवर्षी ८ प्रतिस्पर्ध्यांशी भेट होत नाही. म्हणून परिषदेने १२ लढती दरवर्षी होतीलच असे ठरवले. मिशिगन-ओहायो स्टेट, आयोवा-मिनेसोटा, यूएससी-यूसीएलए या त्यांपैकी काही.

मिशिगन व मिनेसोटा यांची लढत या बारांमध्ये नाही. इ.स. १९०३ मध्ये मिशिगनच्या चमूने मिनिआपोलिसच्या दुकानातून पाण्यासाठी मातीचा एक बुधला विकत घेतला होता. सामना ६-६ असा बरोबरीत सुटला आणि गडबडीत बुधला तेथेच राहिला. मिशिगनने तो परत मागितला, तेव्हा जिंकून घेऊन जा, असा निरोप मिळाला. तेव्हापासून तो ‘लिटल ब्राउन जग’ या नावाने विजेत्याकडे जातो. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वांत जुन्या स्मृतिचिन्हांत त्याची गणना होते. आता ज्या वर्षी ही लढत होत नाही, त्या वर्षी तो जिथे असेल तिथेच कपाटात राहतो.

ऑरेगन आणि वॉशिंग्टन या दोघांनी आपापल्या राज्यातील मागे राहिलेल्या विद्यापीठांशी खेळणे लगेच सोडले नाही. नोव्हेंबरअखेर, हंगामाचा शेवट म्हणून होणाऱ्या या दोन्ही लढती इ.स. २०२४ मध्ये १४ सप्टेंबरला, परिषदेबाहेरील सामने म्हणून खेळल्या गेल्या.